वॉशरकाकांचे कान

आमच्या घरामागे एक गॅरेज आहे. यजमान गेल्यावर मी गाडी विकली आणि ते रिकामं झालं. गॅरेजची आणि माझ्या स्वयंपाकघराची भिंत एकच, तीही इतकी पातळ की पलीकडे कोणी शिंकलं तर अलीकडे कळतं. त्या भिंतीपलीकडे गेली काही वर्षं एक गृहस्थ राहतात. राहणं आणि काम, दोन्ही तिथेच. त्यांना सगळे वॉशरकाका म्हणतात. मी मिस्त्री म्हणते, ते मला बाई म्हणतात, आणि इतक्या वर्षांत आमच्यात याहून जवळची हाक तयार झालेली नाही.

मिस्त्री खेळातल्या बंदुका दुरुस्त करतात. दिसायला अगदी खऱ्यासारख्या, पण बॅटरीवर चालणाऱ्या आणि वाटाण्याएवढे प्लास्टिकचे छर्रे उडवणाऱ्या. मोठी, नोकरीधंद्याची, मुलाबाळांची माणसं सुटीच्या दिवशी दोन गट पाडून या बंदुकांनी लढाई लढाई खेळतात. एअरसॉफ्ट म्हणतात या खेळाला. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हसले होते. माझी मोठी नणंद मात्र हसली नाही. फोनवर म्हणाली, "अगं, भाडेकरू ठेवायचा तर एखादा शिकवणीवाला ठेवायचास. म्हातारपणी परसात शस्त्रागार काय काढलंस?"

"खेळणी आहेत हो, वन्सं."

"खेळणी असतील तर पोरांनी खेळावीत. हे घोडे कशाला खेळतात?"



मिस्त्री मूळचे शिलाई मशिनांचे कारागीर. शहराच्या कडेला कपड्यांचा कारखाना होता, तिथल्या लांबलचक हॉलमध्ये शेकडो मशिनं एकदम चालायची. रांगांमधून हिंडायचं आणि कुठलं मशीन आजारी आहे ते ओळखायचं, हे यांचं काम. "बघून नाही, बाई," ते सांगतात. "चालता चालता ऐकून. एवढ्या गोंगाटात एखादं मशीन कण्हायला लागलं, की आईला आपल्या पोराचं रडं कळतं ना, तसं कळायचं मला." त्यांनी लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणतात, "तीन बहिणींची लग्नं उरकेपर्यंत माझं वयच उरकलं." त्या तिघी आता आपापल्या संसारात, दूर. धाकटी तेवढी फोन करते.

कारखाना बंद पडला. काही वर्षांनी तोच हॉल या खेळासाठी कोणीतरी भाड्याने घेतला. मशिनं जाऊन प्लायवुडच्या भिंती, टायर आणि पिंपं आली. नव्या मालकाला विजेच्या बोर्डाची माहिती असलेला माणूस हवा होता, म्हणून मिस्त्रींना बोलावलं. ज्या हॉलमध्ये उभा जन्म गेला त्याच हॉलचं कुलूप उघडण्याची नोकरी त्यांना मिळाली. एका सुटीला खेळायला आलेल्या एका दातांच्या डॉक्टरांनी आपली बंद पडलेली बंदूक तिथेच टेबलावर उघडली. आतली स्प्रिंग उडाली आणि बारीकसारीक भाग पिंपांखाली पांगले. मिस्त्रींनी गुडघ्यांवर रांगत, टॉर्च धरून ते सगळे गोळा केले आणि संध्याकाळपर्यंत बंदूक जुळवून दिली.

डॉक्टरांनी ती चालवून बघितली. "काका, हिला नवे दात बसवलेत की काय?"

"दात तेच आहेत डॉक्टर. फक्त चावणं सुधारलंय."

हा संवाद मला दोघांनीही वेगवेगळा सांगितला आहे आणि दोघांच्याही सांगण्यात तो हुबेहूब सारखाच आहे, म्हणून खरा असावा. त्यानंतर लोक त्यांच्याकडे बंदुका आणू लागले. हॉलमध्ये धूळ फार, म्हणून मिस्त्री जागा शोधत माझ्या गॅरेजपर्यंत पोचले.

त्यांचं काम मी भिंतीपलीकडून ऐकून आणि कधीमधी चहा द्यायला गेल्यावर बघून शिकले. बंदुकीच्या पोटात पैशाच्या पाकिटाएवढी धातूची डबी असते, तिला गिअरबॉक्स म्हणतात. तिच्यात तीन गिअर. मोटर पहिल्याला फिरवते, पहिला दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला. तिसऱ्या गिअरला मात्र अर्ध्याच अंगाला दात असतात. ते दात पिस्टन मागे ओढतात, स्प्रिंग दाबली जाते, आणि दात संपले की पिस्टन सुटतो आणि छर्रा उडतो. सगळी करामत त्या तीन गिअरच्या बसण्यात. डबीला घासायला नकोत आणि एकमेकांपासून दूरही राहायला नकोत. त्यासाठी त्यांच्या आसांवर कागदासारखे पातळ वॉशर घालतात. कुठल्या गिअरला किती, याचा नियम नाही, दर डबीचा स्वभाव वेगळा. मिस्त्रींची पद्धत एकच. स्प्रिंग न घालता डबी बंद करायची, मोटर चालवायची आणि ऐकायचं. गिअर नीट बसले नसतील तर एक बारीक, उंच शिट्टी ऐकू येते. मग डबी उघडायची, आणखी एक वॉशर घालायचा, पुन्हा ऐकायचं. शिट्टी बारीक होत होत एका वॉशरला मरते. "आवाज मेला की थांबायचं," ते म्हणत. "त्याच्यापुढे हात लावणारा माणूस लोभी."

दुसरं काम गिअर तोलण्याचं. तिसरा गिअर अर्ध्याच दातांचा, म्हणून एका अंगाने जड. जोरात फिरताना तो डबीला हादरे देतो. मिस्त्रींनी दाढीच्या दोन जुन्या पात्या लाकडी ठोकळ्यात समोरासमोर उभ्या बसवल्या आहेत. गिअरच्या भोकात बारीक सळई घालून ती पात्यांच्या धारेवर ठेवायची. गिअर डुलत डुलत जड बाजू खाली करून थांबतो. जड बाजूला खूण करायची, तिथे ड्रिलने उथळ खळगी पाडायची, पुन्हा पात्यांवर ठेवायचं. असं करत करत एक वेळ येते की गिअर जसा ठेवाल तसाच राहतो. हे बघताना माझा चहा निवायचा.

सुटीच्या आदल्या संध्याकाळी गॅरेज भरून जायचं. दाराशी एक लांब बाक आहे. बंदूक जुळेपर्यंत लोक त्यावर बसायचे.

"काका, माझी आधी घ्या ना!"

"तुझी कशाला आधी? तुझा नेम भिंतीलासुद्धा लागत नाही. बंदूक नीट करून फरक काय पडणार?"

"मग मी हरलो तर तुमचं नाव सांगतो."

"सांग की. जिंकलास तर मात्र सांगू नकोस, कोणाचा विश्वास बसायचा नाही."

हसणं माझ्या ओट्यावर यायचं. मी एकटीचा स्वयंपाक करत असायची, आणि एकटीच्या स्वयंपाकाला फार वेळ लागत नाही, तरी त्या संध्याकाळी मी भांडी सावकाश घासायची. मिस्त्री स्वतःहून कोणाकडे जाणारे नाहीत. आठवडाभर ते कोणाशी बोलत नसत. त्या बाकावर माणसं येत, ती या शिट्टी मारणाऱ्या डब्यांपायी. डब्या बंद झाल्या तर बाक रिकामा पडेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि मलाही.

मग भिंतीपलीकडून येणारा आवाज बदलला. पूर्वी शिट्टी सुरू व्हायची, बारीक व्हायची आणि थांबायची. आता ती तशीच राहायची आणि मिस्त्रींचा स्क्रू आवळण्याचा आवाज यायचा, म्हणजे काम संपलं. मला वाटलं, नव्या तऱ्हेच्या बंदुका आल्या असतील. फोनवर लोक हल्ली पुटपुटतात म्हणून मिस्त्री बहिणीचा फोन लवकर ठेवू लागले होते. दारावरची घंटी बिघडलीय म्हणून त्यांनी ती उघडून साफ केली, आणि मला ती आधीही नीट ऐकू येत होती. या गोष्टी मी रोजनिशीत, रोजच्या हवामानाच्या नोंदीखाली, वेगवेगळ्या दिवशी लिहिल्या आहेत. एका ओळीत आणून पाहिल्या नाहीत.

किराणा दुकानाच्या दारात दातांच्या डॉक्टरांनी मला गाठलं. "आजी, वॉशरकाका बरे आहेत ना?"

"बरे आहेत. का हो?"

"त्यांच्या बंदुका शिट्ट्या घालायला लागल्यात. मी पिंपामागे दडून बसतो आणि एक छर्रा सोडला की अख्ख्या हॉलला कळतं डॉक्टर कुठे आहे. माझीच नाही, सगळ्यांच्याच. गिअर पण लवकर झिजतात."

"मग त्यांना सांगत का नाही तुम्ही?"

"कसं सांगू? बंदूक हातात देताना म्हणतात, 'लोणी आहे डॉक्टर, लोणी! इतकं छान काम माझ्या हातून पूर्वी कधी झालं नव्हतं.' असं म्हणणाऱ्या माणसाला काय सांगायचं?" मग म्हणाले, "दोघंतिघं दुसरीकडे जायला लागलेत. काकांना सांगतात, खेळायला वेळ मिळत नाही."

घरी येईपर्यंत मला सगळं उलगडलं. मिस्त्री आपल्या पद्धतीप्रमाणेच काम करत होते. आवाज मेला की थांबत होते. पण आवाज आता त्यांच्या कानांत लवकर मरत होता, एक-दोन वॉशर आधीच. जितकं कमी ऐकू येई तितकी डबी त्यांना गोड वाटे. आपले कान जात आहेत हे त्यांना आपला हात सुधारल्यासारखं कळत होतं.

मी ज्या कॉन्व्हेंट शाळेत शिकवायचे तिथल्या सिस्टर म्हणायच्या, खरं बोलायचं, पण समोरच्याला आधी खुर्ची देऊन. मी काय बोलायचं ते मनात जुळवत गॅरेजमध्ये गेले, तर खुर्ची मिस्त्रींनीच मला दिली.

"बरं झालं आलात. ही ऐका, आत्ताच जुळवली." त्यांनी डबीला बॅटरी लावली आणि मोटर चालवली.

माझं जुळवलेलं भाषण ओठांवर येण्याआधीच माझा हात कानाकडे गेला. मी तो अर्ध्यातून केसांकडे वळवला, पण मिस्त्रींचे डोळे पात्यांवरच्या गिअरचं डुलणं बघणारे डोळे. त्यांनी मोटर बंद केली.

"वाजतंय?"

"हो."

"किती?"

"काचेवर चाकू ओढावा तसं."

त्यांनी पुन्हा मोटर चालवली, डबी आधी एका कानाला लावली, मग दुसऱ्या. "आत्ता?"

"आत्ताही."

त्यांनी डबीची बॅटरी काढली. मग विचारलं, "किती दिवसांपासून?" मी म्हटलं, बरेच. "आणि बाकावरचे सगळे?" मी मान हलवली. "सगळ्यांना ऐकू येत होतं," ते स्वतःशीच म्हणाले. "आणि मी त्यांना लोणी लोणी सांगत होतो." मी उठले तेव्हा त्यांनी आधीच्या चहाचा कप माझ्या हातात दिला, रिकामा, विसळून.

पुढचे काही दिवस पलीकडून काहीच ऐकू आलं नाही. मग एका दुपारी ते माझ्या दाराशी आले. पहिल्यांदाच.

"बाई, तुम्ही शाळेत गायचात ना?"

"गायचे नाही. प्रार्थनेला सूर धरून द्यायचे."

"तेच पाहिजे. मी वॉशर घालतो, तुम्ही ऐका. आवाज मेला की हात वर करा."

त्यांनी हॉलच्या मालकाकडून निरोप धाडला, की माझ्या हातून गेलेल्या सगळ्या बंदुका परत आणा, एक सुधारणा करायची आहे. बाक पुन्हा भरला. गेलेले दोघंतिघंही आले. मी आत टेबलाशेजारी बसायची. मिस्त्री लोकांना सांगत, "बाईंना घरात करमत नाही, म्हणून बसतात." थाप होती, पण मला ती खोडून काढता आली नसती. ते मोटर चालवत, मी कानात प्राण आणून ऐके, आणि शिट्टी विरली की हात वर करी. ते स्क्रू आवळत. कधी मी बोट हलवून "अजून" म्हणे आणि ते निमूटपणे डबी उघडत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मशिनांचं कण्हणं ऐकलेला माणूस माझ्या हाताकडे बघत बसलेला असे. पहिल्या संध्याकाळी मी रोजनिशीत हवामान लिहायचं विसरले, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. असं आधी कधी झालं नव्हतं.

नणंदेला सांगितलं तर म्हणाली, "आता तूही बंदुका बनवायला लागलीस? शाबास. माझा भाऊ वरून बघत असेल."

"बघत असतील तर हसत असतील, वन्सं."

"तो कुठला हसतोय! तो आधी परवाना विचारेल."

तिसऱ्या सुटीनंतर दातांचे डॉक्टर आले. बाकावर बसले नाहीत. बंदूक टेबलावर ठेवून म्हणाले, "काका, रागावू नका. मागच्या वेळी बोललो नाही, ती चूक झाली. अजून वाजतेय."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी ठामपणे म्हटलं, "नाही वाजत. मी ऐकलीय."

डबी बाहेर काढली. मोटर चालवली. मला मोटरचा जाडसर गुंजारव ऐकू आला, बाकी काही नाही. मिस्त्रींनाही तेवढंच. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून मान डोलावणार, इतक्यात डॉक्टरांचा हात कानाकडे गेला. अर्ध्यातून त्यांनी तो केसांकडे वळवला.

मिस्त्रींना जे ऐकू येत नव्हतं त्यातलं थोडं मला येत होतं, आणि त्या थोड्यालाच मी सगळं समजून हात वर करत होते. माझे कान त्यांच्यापेक्षा एखाद्या वॉशरने बरे, एवढंच. तीन आठवडे आम्ही दोघं मिळून शांतता ऐकत बसलो होतो आणि ती फक्त आमची होती.

मिस्त्री हसायला लागले. खरंखुरं हसले. "बाई, आंधळ्यानं वाट विचारली ती पण दुसऱ्या आंधळ्यालाच!"

मीही हसले. डॉक्टर हसले नाहीत. ते म्हणाले, "काका, मी बसतो ना ऐकायला."

"तुम्ही किती दिवस बसाल डॉक्टर? तुमचे दात कोण बघणार?"

पुढचं मी पाहिलं नाही, डॉक्टरांनी सांगितलं. सुटीच्या दिवशी खेळ सुरू व्हायच्या आधी मिस्त्रींनी सगळ्यांना जमवलं आणि म्हणाले, "माझे कान गेले. याच हॉलमध्ये गेले. इथेच कुठेतरी पडले असतील, पिंपांखाली वगैरे, सापडले तर आणून द्या." लोक हसले. मग कोणाला हसवेना. मिस्त्री म्हणाले, "डबी जुळवायचं काम मी सोडलं. ज्यांच्या डब्या वाजतायत त्यांनी दुसऱ्याकडून नीट करून घ्या, आणि काय झालं ते विचारलं तर खरं सांगा. गिअर तोलायचे, हलके करायचे असतील तर पाठवा. त्याला डोळे लागतात. ते अजून आहेत."

डॉक्टरांच्या आग्रहाने त्यांनी कानाचं यंत्र घेतलं. पंखा ऐकू येतो, पिशवीची चुरचुर ऐकू येते, स्वतःचं गिळणंसुद्धा ऐकू येतं, असं म्हणतात. "वॉशर तेवढा ऐकू येत नाही." दुपारनंतर ते यंत्र काढून त्याच्या डबीत ठेवतात.

काम काही थांबलं नाही. उलट त्यांच्या तोललेल्या गिअरना लांबून लांबून मागणी आहे. पण गिअर तोलायला दोन-दोन दिवस लागतात आणि त्यासाठी कोणी बाकावर बसून राहत नाही. हॉलचा मालक जाता-येता कागदाच्या पुड्या दारात ठेवतो, झालेल्या पुड्या उचलून नेतो. पुडीवर कोणाचं नाव आहे ते लिहिलेलं असतं, बस. डॉक्टर सुरुवातीला काही ना काही निमित्त काढून यायचे. आता कधीतरी येतात. बाकावर मिस्त्रींनी वॉशरचे डबे मांडून ठेवले आहेत, आकारानुसार. ते आता कोणी हलवत नाही.

माझ्या स्वयंपाकघरात हल्ली ड्रिलचा आवाज येतो, मग बराच वेळ काहीच नाही. त्या वेळी गिअर पात्यांवर डुलत असतो, हे मला ठाऊक आहे. मध्ये एकदा त्यांनी बोलावलं म्हणून गेले. सळईवर गिअर होता. "ठेवा बाई, कसाही ठेवा." मी दातांची बाजू वर करून ठेवला, तो तसाच राहिला. खाली करून ठेवला, तसाच राहिला. आडवा केला, तरी तसाच. मिस्त्री माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "लोणी." पुडी बांधताना त्यांनी दोरीला गाठ नेहमीपेक्षा नीटस मारली.

दारावरची घंटी त्यांनी काढून टाकली. भिंतीवर थाप मारूनही उपयोग नव्हता, म्हणून त्यांनी टेबलावर एक दिवा बसवला आणि त्याचं बटण भिंतीतून तार ओढून माझ्या ओट्याजवळ दिलं. चहा झाला की मी बटण दाबते. तिकडे दिवा लागला की नाही, ते मला इकडून दिसत नाही. मी गॅस बंद करते, दोन कप काढते आणि भिंतीशी उभी राहते. मग पलीकडे खुर्ची मागे सरकते.

तो आवाज मला अजून येतो.